स्वयंपाकघरातले दहा

शहरातली नर्सची नोकरी म्हणजे सीमेवरच्या गावातून सुटायची एकच वाट. मुलाखत फोनवर, बरोबर दहाला मीच फोन करायचा. सकाळपासून फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता आणि माझे डोळे त्याच्यावर. दहाला दोन मिनिटं कमी असताना, भांड्यांचा आवाज नको म्हणून बाहेरच्या खोलीतून नंबर लावला. “साडेदहा झाले, ताई. मुलाखती आटोपल्या,” तिकडचा माणूस म्हणाला. फोनवर पाहिलं, खरंच साडेदहा! स्वयंपाकघरात गेले, तर दहा. पुन्हा बाहेर, साडेदहा. डोकंच चालेना. मग खिडकीतून नवा टॉवर दिसला, डोंगरापलीकडच्या देशानं परवाच उभारलेला. त्यांची वेळ अर्धा तास मागे. फोन ज्या टॉवरची रेंज पकडतो, त्याचीच वेळ दाखवतो. आमचं स्वयंपाकघर त्या टॉवरच्या रेंजमध्ये, म्हणजे परदेशात! रडतच आईला समजावलं. तिला काय उमगलं, कुणास ठाऊक. हात धरून मला ओट्यापाशी नेलं. “इथे अजून दहाच वाजलेत ना? मग इथून लाव.”