दहा घरांचा पट

“चौसष्ट घरं पुरे झाली,” म्हणत सरपंच वालबुर्गाआजींनी चर्चसमोरच्या टेबलावर नवाकोरा पट मांडला. दोन्ही बाजूंना एकेक रांग जास्त होती. “आता पाठांतर बंद! मोहरे थैलीतून निघतील तसे मांडायचे. आणि अंडं उकडायच्या घड्याळातली वाळू सरायच्या आत चाल करायची. सुचेल ते खेळायचं.”

गाव कुजबुजलं. जर्मनीतल्या हार्ट्झ डोंगराच्या पायथ्याच्या या गावात पोरांना पाढ्यांच्या आधी बुद्धिबळ शिकवतात. नवऱ्या मुलाने लग्नाआधी सरपंचाशी डाव खेळायचा आणि हरला तर लग्न मोडलं, ही इथली जुनी रीत.

“सरपंचबाई, या वयात हे काय खूळ काढलंत?” बेकरीवाला गेरहार्ट ओरडला.

“तू वर्षानुवर्षं त्याच त्या चाली खेळतोस, गेरहार्ट. बघताना झोप येते मला.”

लोक हसले. आजींना तेवढंच हवं होतं.

खरं कारण समोरच्या खुर्चीत घाम पुसत बसलं होतं. डेटलेफ, माग्डेबुर्गचा ट्रॅक्टर मेकॅनिक, आजींच्या नातीचा होणारा नवरा. गुणी मुलगा, पण बुद्धिबळात अगदी ढ. घोडा अडीच घरं चालतो हेही त्याला नुकतंच कळलं होतं. आजींना त्याच्याशी मुद्दाम हरायचं होतं. जुन्या पटावर त्यांची एक जरी खोटी चाल दिसली असती, तरी अख्ख्या गावाने ती तिथल्या तिथे पकडली असती. या नव्या पटावर कुणाला काय कळणार?

हे सगळं रोस्विथासाठी. हिवाळ्यात आजी इस्पितळात होत्या, तेव्हा “माझ्या डोळ्यांदेखत तुझं लग्न होऊ दे” असं त्या नातीला म्हणाल्या होत्या आणि तिने मान डोलावली होती. गावातल्या तीन पट्टीच्या खेळाडूंना नकार देऊन तिने हा ढ निवडला. याला प्रेम नाही तर काय म्हणायचं? ती स्वतः बुद्धिबळात जिल्ह्यात पहिली आलेली, पण त्याला शिकवायला तिला म्हणे वेळच मिळाला नाही.

सकाळी तिने विचारलं होतं, “आजी, तो हरला तर तुला काहीच करता येणार नाही ना?”

“नियम म्हणजे नियम,” म्हणत आजींनी तिच्या गालावरून हात फिरवला होता. किती घाबरली होती पोर!

डाव सुरू झाला. आजींनी वजीर घोड्याच्या तोंडी दिला आणि कपाळावर हात मारून घेतला.

“नव्या पटावर नजर ठरत नाही हो,” गेरहार्ट हळहळला.

मग एक हत्ती गेला. शेवटी आजींनी आपला राजा कडेच्या नव्या रांगेत नेऊन कोंबला. डेटलेफने वजीर सरकवला आणि चाचरत विचारलं, “ही... ही मात झाली का?”

“झाली रे बाळा.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांनी डेटलेफला खांद्यावर घेतलं. आजींचे डोळे भरून आले. गर्दीतून रोस्विथा आली, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आजींनी तिला कवटाळलं आणि तिच्या कानाशी लागून म्हणाल्या, “मुद्दाम हरले गं. तुझ्यासाठी. कुणाला सांगू नकोस.”

रोस्विथा पटाकडे बघत राहिली.

“त्याला खेळता येत नाही,” ती म्हणाली, “म्हणूनच मी हो म्हटलं होतं, आजी.”