अवाईचं पान

रेणूचं बोट पान दोनशे बारावर थांबलं ते थांबलंच. वडिलांचं नाव होतं, जन्माचं साल होतं, मृत्यूचं साल होतं, आणि त्याखाली बारीक टायपात एक ओळ : 'दोन मुली. वंश खुंटला.'

त्या दोन मुलींपैकी थोरली इथे जितीजागती बसून ती ओळ वाचत होती.

"मॉम, व्हॉट डझ इट से अंडर आजोबा?" शेजारून इशिताने मान पुढे केली. इशिता तिची मुलगी, एकोणीस वर्षांची. देवनागरी अक्षर अक्षर लावत वाचायची.

"असं लिहिलंय, की आपण कुणी नाहीच आहोत."

अमेरिकेत, नेपरव्हिलमध्ये, प्रतापच्या बेसमेंटमध्ये शिंगवेकर देशमुखांच्या कुलवृत्तांताचं शेवटचं प्रूफ टेबलावर पडलं होतं. आज सह्या झाल्या की छपाईला. चंद्रशेखरकाका संपादक, वय चौऱ्याहत्तर. प्रताप हा रेणूचा चुलतभाऊ, कॉम्प्युटरची बाजू त्याच्याकडे. शिवाय समितीतले दोघं, ते सामोशांची बाजू सांभाळत होते. आणि रेणू, कारण अख्ख्या कुळात मोडी लिपी वाचता येणारी ती एकटी. दोन वर्षं शनिवार-रविवार खर्ची घालून तिने घराण्याचे जुने कागद लावले होते. अवाई सापडली ती त्यातच.

अवाईवर मंडळी भलतीच खूश होती. तिला गुळगुळीत कागदाचं वेगळं पान दिलं होतं, आणि त्यावर कॉम्प्युटरकडून काढून घेतलेलं चित्र : घोड्यावर बसलेली, हातात तलवार. मूळ कागदात घोडा नव्हता आणि तलवारही नव्हती. कागदात एवढंच होतं, की साडेतीनशे वर्षांपूर्वी दमाजी देशमुख वारला, भाऊबंद वतनावर टपून बसले, आणि त्याची विधवा अवाई भरल्या गोतसभेत उभी राहून बोलली. मला लेक आहे, वतन तिच्या पोराचं. तीन दिवस ती जागची हलली नाही. चौथ्या दिवशी गोताने तिच्या नातवाला, कान्होजीला, वतन दिलं. पुस्तकातलं पुढचं सगळं कुळ त्याचं.

"काका, ही ओळ काढा," रेणू म्हणाली.

"अगं, ती काय शिवी आहे का? टेक्निकल टर्म आहे ती. सगळ्या कुलवृत्तांतांत असते." काकांचा सूर लहान मुलाची समजूत घातल्यासारखा होता. "मुली सासरच्या पुस्तकात जातात."

"तिथे मी 'पत्नी' आहे. नुसती 'पत्नी'. नावसुद्धा नाही."

"रेणूताई, पर्सनली नको ना घेऊस यार," प्रताप म्हणाला. "रूल सगळ्यांना सेम आहे. एकाला एक्सेप्शन दिलं तर अख्खं फॉरमॅट चेंज करावं लागेल."

रेणूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा गेले तेव्हा इथल्या फ्यूनरल होममध्ये भट्टीचं बटण तिने दाबलं होतं. हाच प्रताप तेव्हा शेजारी उभा राहून 'ताई, तू मुलासारखं केलंस' म्हणाला होता. फॉरमॅट!

"सेम? मग पान दोन उघड. कान्होजीच्या वडिलांच्या जागी कोण आहे?"

"दमाजी."

"दमाजी त्याचा आजोबा. आईचा बाप. वडील कोण?"

प्रतापने काकांकडे पाहिलं. काकांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

"अशा वेळी दत्तक धरतात गं," ते म्हणाले.

"दत्तकाचा शब्द नाही त्या कागदात. मी वाचलाय. तुम्ही कुणी वाचलाय?" कुणीच वाचला नव्हता. "लेकीचा मुलगा होता तो, काका. देशमुख हे नाव त्याला वतनाबरोबर मिळालं, बापाकडून नाही. दमाजीला एक मुलगी होती. माझ्या बाबांना दोन होत्या. मग त्याच्या खाली का नाही लिहिलंत वंश खुंटला म्हणून?"

वरच्या मजल्यावर प्रतापच्या बायकोने, रुपालीने, मिक्सर चालू केला आणि बंद केला.

काकांनी पुष्कळ विचार केला. माणूस वाईट नव्हता. इशिता लहान असताना तिला बाराखडी शिकवायला दर रविवारी येत असत.

"मग असं करू," शेवटी ते अगदी शांतपणे म्हणाले, "अवाईचं पानच गाळू. उगाच लोक प्रश्न विचारत बसतील."

समितीतल्या दोघांनी माना डोलावल्या. एकाने सुटल्यासारखा श्वास सोडून चटणीची वाटी पुढे ओढली. भरल्या गोतापुढे तीन दिवस न हललेल्या बाईला उठवायला यांना एक वाक्य पुरलं, आणि तेही तोंडातला घास न थांबवता. रेणूला किंचाळावंसं वाटलं. तिने दोन्ही हात मांडीवर दाबून धरले.

"गाळा," ती म्हणाली. "पण मग तिच्या लेकीपासून पुढे जे जे जन्मले, त्यांचीही पानं गाळा. उरेल तेवढं छापा. मी आत्ता सही करते."

प्रताप पडला इंजिनिअर. त्याने खरंच प्रूफ ओढून घेतलं, आणि पानं उलटून पाहिली.

दीड पान उरत होतं.