दासियसचा अंगठा

"हात दाखव," उर्सो म्हणाला.

लिक्कोने उजवा हात पुढे केला. त्याच्या आईने, बोनोसाने, सकाळीच त्यावर नवी चिंधी बांधली होती, तीही आता लाल झाली होती. उर्सोने गाठ सोडली. अंगठ्याच्या जागी काहीच नव्हतं.

"विळा लागला, साहेब," बोनोसा म्हणाली. "गवत कापताना."

"तुमच्या गावचे विळे भलतेच हुशार!" उर्सोने चिंधी तिच्या हातात कोंबली. "कालपासून सात हात बघितले. पायाला लागत नाहीत, करंगळीला लागत नाहीत. बरोब्बर उजवा अंगठा शोधून काढतात."

त्याच्यामागचे दोन शिपाई हसले. बोनोसाही हसली. भरतीच्या अंमलदारापुढे हसायलाच हवं होतं. अंगठा नसला की मुठीत तलवार राहत नाही, आणि तलवार न धरणारा माणूस फौज घेत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

तिचा नवरा वीस वर्षं त्याच फौजेत होता. तीन वर्षांपूर्वी गॉथ लोकांशी लढायला गेला तो परत आला नाही. कितीतरी घरांत कुणीच परत आलं नाही. एके काळी म्हणे याच फौजेने अर्धं जग जिंकलं होतं. आता ती दारोदार पोरं मागत फिरत होती. शिपायाच्या पोराने शिपाईच व्हायचं, असा कायदा. घरटी एक. पळून जावं तर दक्षिणेला गॉथ, उत्तरेला नदी आणि सिर्मियम शहराच्या रस्त्यावर चौकी. बोनोसाला दोन मुलगे होते आणि तिला एकही द्यायचा नव्हता.

"थोरला कुठंय?" उर्सोने विचारलं.

"गोठ्यात, साहेब. गाय व्यायला झालीय."

गाय ठणठणीत होती. दासियस ओंडक्यासमोर कोयता घेऊन बसला होता. लिक्कोचा अंगठा काल बोनोसाने स्वतः तोडला होता. त्यानंतर कोयता तिच्याने दुसऱ्यांदा उचलवेना. "तुझं तू कर," असं तिने दासियसला सांगितलं. बावीस वर्षांचा, बैलासारखा गडी, पण कोंबडी कापायची म्हटली तरी तोंड फिरवायचा. सकाळपासून तिने तीनदा दार ढकलून पाहिलं होतं. तिन्ही वेळा तो तसाच बसलेला, अंगठा शाबूत. तिसऱ्यांदा तिच्या तोंडून नको ते निघून गेलं. "धाकट्याने हूं की चूं केलं नाही. तू कुणावर गेलास रे? तुझ्या बापात तर असलं भित्रेपण नव्हतं." दासियसने फक्त मान खाली घातली.

भरतीची माणसं दुपारी येणार होती. आली सकाळीच.

"बसा ना, साहेब. जवाची दारू देते. कालच गाळलीय." तिला फक्त वेळ काढायचा होता.

उर्सो ओट्यावर टेकला. त्याने एक घोट घेतला, मिशा पुसल्या. माणूस वाईट नव्हता, नुसता दमलेला होता.

"लपवाछपवी कशाला करतेस, बाई? पूर्वी अंगठा तोडणाऱ्याला जाळायचे. आता नाही जाळत. जाळायला माणसं उरलीत कुठं? नवा हुकूम आलाय. धडधाकट पोरगा मिळाला तर घरातून एक. अंगठे तोडलेले असले तर दोन. असले दोन मिळून एक शिपाई धरायचा."

"पण ते तलवार कशी धरणार?"

"खंदक खणतील. ओझी वाहतील. बाण यायला लागले की पुढं उभे राहतील. त्याला काय अंगठा लागतो?"

बोनोसाने गोठ्याकडे पाहिलं. दासियस अजून नुसताच बसला असेल, तर तो एकटा जाईल आणि लिक्को घरी राहील. कोयता पडला असेल, तर दोघंही जातील. सकाळभर जिला त्या पोराच्या भित्रेपणाची चीड येत होती, ती आता जुन्या देवांना आणि नव्या देवाला एकदमच विनवू लागली, की त्याला भित्राच ठेवा.

एक हाक पुरेशी होती. पण ती हाक म्हणजे दासियसला आपल्याच तोंडाने देऊन टाकणं. तिने लिक्कोकडे पाहिलं. लिक्कोलाही सगळं कळलं होतं. तो आईकडे बघत नव्हता, गोठ्याकडेही बघत नव्हता. आणि तोही हाक मारत नव्हता. अंगणाच्या त्या टोकाला गोठ्याचं दार बंद होतं. आतून कसलाच आवाज येत नव्हता.

उर्सोने दारू संपवली.

"दासियस!" बोनोसा एकदम ओरडली. "थांब, बाळा! काही करू नकोस! तसाच बाहेर ये!"

शिपाई सावध झाले. उर्सोने पेला सावकाश खाली ठेवला. त्याला समजलं होतं. या वेळी तो हसला नाही.

गोठ्याचं दार उघडलं. दासियस बाहेर आला. चेहरा पांढराफटक, उजवा हात छातीशी घट्ट धरलेला, सदरा पोटापर्यंत रक्ताने भिजलेला. अंगणात कोण उभं आहे हे त्याने पाहिलंच नाही. त्याला फक्त आई दिसली. लहानपणानंतर तो असा कधी हसला नव्हता.

"जमलं गं, आई," तो म्हणाला.