पकड

डॉक्टरांनी गुडघ्यावर ठोकायच्या रबरी हातोडीचा दांडा सरांच्या तळहातावरून हळूच फिरवला. बोटं मिटली. डॉक्टरांनी दांडा ओढून पाहिला, तशी पकड आणखी आवळली.

“बघा,” डॉक्टर म्हणाले. “तान्ह्या बाळांत असतं हे. तळहाताला काही लागलं की मूठ मिटते. मोठेपणी मेंदूचा पुढचा भाग ते दाबून ठेवतो. यांच्या त्याच भागात रक्तस्राव झालाय, त्यामुळे ते परत आलं. यात ओळख नाही, इच्छा नाही.”

पलंगाच्या पायथ्याशी उभी असलेली लेक हातोडीकडे बघत राहिली. बाबांनी आपल्याला ओळखलं, हात धरला तो सोडेचनात, असं तिने कालपासून आत्या, काका, मावशी सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं. हातोडीलाही त्यांनी तितक्याच मायेने धरलं होतं.

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “मी शिकवायचे हे.”

सर आणि बाई एकाच कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. लग्न एकमेकांशी झालं होतं, पण पंथ वेगळे होते. माणूस वागतो त्याची मुळं त्याच्या नकळत, आत खोल कुठेतरी असतात, असं सर सांगत. आत काय आहे ते कुणी पाहिलंय, बाहेर दिसतं तेवढं बोला, असं बाई म्हणत. ज्या वागण्याचं फळ मिळतं ते टिकतं, ज्याचं मिळत नाही ते विझतं. एवढ्यावर त्यांचं अख्खं वर्ष भागे. सर एकदा लग्नाचा वाढदिवस विसरले, तेव्हा विसरण्यालाही अर्थ असतो हे त्यांनीच आधी शिकवून ठेवल्यामुळे त्यांना बचावाला जागा उरली नाही. लेकीच्या हातून दूध सांडलं तरी घरात दोन कारणं निघत. फरशी पुसायला मात्र तिसरंच कोणी लागे. लेक पुढे इंजिनिअर झाली आणि पूल बांधू लागली. पुलांना बालपण नसतं, असं ती म्हणे.

दुपारी कॉलेजातले एक जुने सहकारी भेटायला आले. माणूस मुळात चांगलाच असतो, त्याला फक्त समजून घेणारं कोणी हवं, असं ते आयुष्यभर शिकवत आले होते. त्यांनी सरांच्या हातात हात दिला, सरांनी धरला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

“बाई, सगळं पोचतंय त्यांना,” ते म्हणाले. “आपली माणसं कळतात त्यांना.”

“सकाळी हातोडी कळली होती,” बाई म्हणाल्या.

सहकाऱ्यांनी चहा अर्धाच घेतला.

संध्याकाळी डॉक्टरांनी मायलेकींना आपल्या खोलीत बोलावलं. इथे ठेवून आता उपयोग नव्हता. अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत जागा झाली होती. चोवीस तास नर्स होत्या, उचलायला माणसं होती, कूस बदलायला यंत्राची गादी होती. उद्या सकाळपर्यंत कळवायचं होतं.

“घरी न्यायचं म्हटलं तर तुमच्या वयाला झेपणार नाही, बाई,” डॉक्टर म्हणाले. “आणि स्पष्टच बोलतो, आपण घरी आहोत की संस्थेत, हे त्यांना कळणार नाही.”

“घरी न्यायचं,” लेक म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता.

“तुझी नोकरी परगावी आहे,” बाई म्हणाल्या. “त्यांना फरक पडत नसेल, तर तिथे नेणंच शहाणपणाचं. उगाच अर्थ चिकटवत बसू नये.”

लेकीने वाद घालून पाहिला. मग ती थकली. रात्रभर विचार करून तिलाही ते पटलं, निदान पटल्यासारखं झालं. सकाळी संस्थेची गाडी आली, तेव्हा तीच खाली गेली, चालकाला थांबायला सांगितलं आणि आईला बोलवायला वर आली.

खोलीत ऊन आलं होतं. बाई पलंगाजवळ स्टूल ओढून बसल्या होत्या. त्यांचा उजवा हात सरांच्या मुठीत होता. चष्मा नाकावरून घसरला होता, तो त्या डाव्या हाताने सारखा करायला बघत होत्या आणि ते जमत नव्हतं. सर छताकडे बघत होते.

“गाडी आलीय, आई.”

“परत पाठव तिला. घरी न्यायचंय यांना.”

लेक दारातच थांबली. “काल तूच नाही म्हणालीस.”

“म्हणाले.”

“त्यांना कळणारही नाही, म्हणालीस.”

“नाहीच कळणार.”

“तू एकटी कशी करणार सगळं? कूस बदलायची, भरवायचं, पुसायचं. तुझी कंबर आधीच धरलेली असते.”

“कामाला बाई लावू एखादी. नाहीतर बघू.”

बघू हा शब्द आईच्या तोंडून लेकीने पहिल्यांदाच ऐकला. ती आत आली आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसली. तिला राग आला होता, आणि नेमका कशाचा ते सांगता येत नव्हतं.

“आई, ती नुसती पकड आहे. हातोडी दिली तरी धरतात, हे तूच काल सुनावलंस. मग रात्रभरात असं काय बदललं?”

बाईंनी नवऱ्याच्या बोटांकडे पाहिलं. नखं वाढली होती.

“यांनी माझा हात का धरलाय, ते मला पक्कं ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या. “मी का दिलाय, ते ठाऊक नाही.”