सात महिन्यांचा माणूस

गेटवर रुपेशचं कार्ड काढून घेतलं, तेव्हा त्याने सिक्युरिटीवाल्याला विचारलं, "काय राव, माझं एकट्याचंच का?"

"बेचाळीस जणांचं," तो म्हणाला. रुपेशला तेवढंच बरं वाटलं.

सात महिने भरले की कंपनी माणूस काढते, म्हणजे त्याला कायम करायला नको. याला ब्रेक म्हणतात. भोसरी, चाकण, रांजणगाव करत रुपेशने असे आठ ब्रेक खाल्ले होते. हा नववा. त्याचे वडील भागुजी भोसरीला एकाच कंपनीत एकतीस वर्षं होते. त्या कंपनीच्या जागेवर आता बावीस मजली टॉवर आहे आणि तळाला कुत्र्यांचे केस कापायचं दुकान.

आठ ब्रेक रुपेशने हसत पचवले. हा पचणारा नव्हता. लग्न जमताना कल्याणीच्या मामांची एकच अट होती, पोरगा पर्मनंट पाहिजे. "औंदा होतोयच की," असं रुपेशने बेधडक ठोकून दिलं होतं. आता कल्याणी बॅग भरून मामाकडे जाणार, यात त्याला काडीचीही शंका नव्हती. काय सांगायचं ते तो गाडीवर हेल्मेटच्या आत मोठ्याने पाठ करत निघाला. मंचरच्या ट्रॅफिकमध्ये शेजारचा टेम्पोवाला त्याच्याकडे बघतच राहिला.

गावाच्या, खोडदच्या फाट्यावर चहावाल्या रामदासने हात केला. "अभिनंदन, रुपेशभाऊ. पेढं कुठंयत?"

रुपेशने गाडी थांबवलीच नाही. पुढे रेडिओ दुर्बिणीच्या भल्यामोठ्या तबकड्यांपाशी कुशाबाई कांदा खुरपत होती. तिने खुरपं हलवून ओरडून सांगितलं, "लई चांगलं झालं रं बाबा." आळीतल्या बाया तर त्याला बघून खुदुखुदू हसायलाच लागल्या. म्हणजे आपण पर्मनंट झालो अशी कुणीतरी आवई उठवली होती. झालं, आता मेलो, असं म्हणत त्याने गाडी दारात लावली.

दारातच आई जानकाबाई पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभी. बॉक्स निम्मा वाटून झालेला. भागुजी खुर्चीत बसून एकटेच हसत होते. कल्याणी आतून पाणी घेऊन आली. रुपेशने पाणी घेतलं नाही. पाठ केलेलं सगळं विसरलं आणि नको तेच तोंडातून बाहेर पडलं.

"पेढं वाटू नका. मी पर्मनंट झालो न्हाई. कार्ड काढून घेतलं. कल्याणी, तुला मामाकडं जायचं असंल तर मीच सोडायला येतो."

कल्याणी ओढणी तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता भिंतीला टेकली, तांब्यातलं पाणी सांडलं, तरी थांबेना.

"मामाचं मी बघते," ती कशीबशी म्हणाली. "आन पर्मनंट तर तुमी आज सकाळीच झालात. नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं."

"त्यांना काय माहीत? कुठं झालो?"

"बापाच्या जागेवर," कल्याणी म्हणाली. "हितं मागितला तरी ब्रेक मिळत न्हाई."