उद्घाटनाची पाहुणी

एका चित्रकाराने काढलेल्या आजारी मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं आणि त्याची फीत शिंप्याच्या लेकीच्या हातून कापायची, असं आयोजक बाईंनी फोनवरच ठरवून टाकलं होतं. वर्षापूर्वी चित्रकाराने वॉर्डात बसून काढलेलं तिचं चित्र, तुळतुळीत डोकं आणि नाकात नळी, दारातच लावलं होतं. शिंप्याने तिला नवा फ्रॉक शिवला. जुन्या मापात पोरगी आता मावत नाही, हे तो आठवडाभर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होता.

उद्घाटनाच्या दिवशी बाईंनी दोन वेण्या घातलेल्या त्या गुबगुबीत मुलीकडे पाहिलं, मग चित्राकडे.

"ही तीच?"

"तीच हो, ताई. ठणठणीत बरी झाली. घरात मिनिटभर बूड टेकत नाही आता."

"छान, छान," म्हणत बाई त्याला खांबाआड घेऊन गेल्या. "गैरसमज करून घेऊ नका, दादा. पण लोक चित्र बघून रडणार आणि लगेच ही अशी समोर येणार, म्हणजे सगळाच रसभंग. तुम्ही आपले मागच्या दाराने निघा."

शिंप्याने लेकीचा हात धरला.

"बाबा, आणि फीत?"

"आपल्या दुकानात हव्या तेवढ्या फिती आहेत. चल."

दारापर्यंत पोचतात न पोचतात तोच बाई मागून लगबगीने आल्या.



"अहो दादा, हिच्या शेजारच्या खाटेवर एक बारका मुलगा असायचा, तो अजून तसाच आहे ना? त्याच्या आईचा नंबर द्या की."