बेडकांना गप्प करण्याची पाळी

“संध्याकाळची घंटा झाली की तळ्यावर जा. लांब काठीनं पाणी झोडप, बेडूक गप्प झाले की परत ये. एकही दिवस चुकवू नकोस,” ओनोरीन आत्या म्हणायची.

गढीतल्या सरदाराची झोप मोडू नये, म्हणून आमच्या घराण्यावर ही वेठ लादलेली. पुढं गढी पडली, सरदार गेले, टेकडीवर नुसता मातीचा उंचवटा उरला. आत्यानं मात्र काम सोडलं नाही. मंगळवारी ती देवाघरी गेली, तेव्हा मी तिच्या हातावर हात ठेवून पाळी चालू ठेवायचा शब्द दिला.

“काकू, दोनशे वर्षं झाली की! आता कोणाची झोप मोडतेय?” उंचवट्यावर नवं घर बांधलेला गास्पार मला हसला.

काल आत्याला माती दिली आणि त्या गडबडीत माझी पाळी चुकली. बेडूक ओरडत राहिले.

आज दुपारी गास्पार दारात आला. कडेवर तान्ही नात होती. हसू कुठंच नव्हतं.

“काकू, रात्री आमच्या जमिनीखाली कोणीतरी कूस बदलली. हिचा पाळणा हलला. सकाळी पुन्हा तसंच. आणि आत्ता...”

“आत्ता काय रे?”

“खालून कोणीतरी विचारलं, उजाडलं का म्हणून.”

“मग तू काय म्हणालास?”

“‘अजून नाही’ म्हणालो. काकू, दुसरं घर नाही हो आम्हाला.”

घंटेला अजून अवकाश होता. मी क्रूसाची खूण केली. आवाज नको म्हणून पायांतले लाकडी जोडे उंबऱ्यावर काढले आणि काठी घेऊन अनवाणीच तळ्याकडे निघाले.